गाडी चालवताना मोबाईलवर पूर्ण बंदी घालावी का? ब्लूटूथवर बोललं तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की म्हापसा-पणजी रोज कारने ये-जा करता, फोन कधी हातात धरत नाही, ऑफिसचे सगळे कॉल ब्लूटूथवर घेता, आणि तरीही कुणी सरसकट बंदीची भाषा केली की चीड येते. मी गाडी चालवायला शिकवतो. टॅक्सीच्या धंद्यात उतरणारी मुलं माझ्याकडे जास्त येतात. तुमचा हा मुद्दा मी त्यांच्या मालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की उत्तर लांबणार, हे आधीच सांगतो.

बंदीचं आधी संपवू. हातात फोन धरून गाडी चालवायला बंदी आहेच. मोटार वाहन कायद्यातलं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दलचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हातातलं संपर्कयंत्र वापरणं त्यात नाव घेऊन घातलं, सिग्नल तोडणं आणि उलट दिशेने गाडी घालणं यांच्याच रांगेत. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात एक सवलत आली: फक्त रस्ता बघण्यासाठी फोन वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. शिवाय लायसन्स निलंबित होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. ऐन हंगामात, डिसेंबरच्या तोंडावर, तीन महिने लायसन्स गेलं तर टॅक्सीवाल्याचं वर्ष बुडतं. दंडापेक्षा त्याला हीच भीती जास्त असते, आणि ती योग्य आहे.

म्हणजे तुमच्या प्रश्नात खरं उरतं ते ब्लूटूथच. कायदा हात बघतो, कारण पोलिसाला आणि सिग्नलवरच्या कॅमेऱ्याला हातच दिसतो. त्यातून लोकांनी सोयीचा अर्थ काढला की हात मोकळा म्हणजे सगळं ठीक. हा अर्थ चुकीचा आहे आणि त्याने माणसं मरतात.

१९९७ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिलं तपासली गेली. अपघाताची वेळ आणि कॉलची वेळ शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कॉल चालू असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा काही फायदा दिसला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवर असाच अभ्यास झाला. तिथेही धोका चौपट आला, आणि हातातला फोन व मोकळ्या हाताचा फोन यांत फरक सापडला नाही. दोन्ही अभ्यास खऱ्या अपघातांवरचे आहेत, प्रयोगशाळेतल्या खोट्या स्टिअरिंगवरचे नाहीत, म्हणून मी मुलांना आधी हेच सांगतो.

यावर लगेच विचारलं जातं, मग शेजारी बसलेल्याशी बोलणंही बंद करायचं का? नाही. शेजारचा माणूस तोच रस्ता बघत असतो. गिरीजवळ गुरं आडवी आली की तो गप्प होतो, 'अरे सांभाळ' म्हणतो, तुमच्याऐवजी फाटा शोधतो. फोनवरचा माणूस मडगावच्या खुर्चीत बसून वाक्य पुरं करतो आणि उत्तराची वाट बघतो. तुम्ही दोन सेकंद गप्प राहिलात तर 'हॅलो, ऐकू येतंय ना?' असं विचारून तुम्हाला परत ओढतो. रेडिओचंही तसं नाही. रेडिओ उत्तर मागत नाही.

पण सगळे कॉल सारखे वाईट नसतात. 'जेवलास का' याला डोकं लागत नाही. सर्वांत वाईट कॉल जागा सांगण्याचा. 'कळंगुटच्या चर्चपासून पुढे ये, मग डावीकडे दुसरी गल्ली, तिथे निळं गेट' असं कुणी सांगितलं की तुम्ही ते चर्च, ती गल्ली, ते गेट डोळ्यांसमोर आणता, आणि ते ज्या यंत्रणेने आणता तिच्याकडेच समोरचा रस्ता बघण्याचं काम असतं. डोळे उघडे राहतात, काचेतून बाहेरच बघत असतात, पण झेब्रावर पाऊल टाकणारी बाई नोंदली जात नाही. अशा अपघातानंतर चालक म्हणतो, 'ती एकदम कुठून आली कळलंच नाही.' तो खोटं बोलत नसतो. दुसरा नंबर हिशेबाच्या कॉलचा, तिसरा भांडणाचा. आणि गोव्यातल्या टॅक्सीवाल्याला दिवसभर येणारे कॉल कुठले? पॅसेंजर कुठे उभा आहे, बॅगा किती, भाडं किती ठरलं, उशीर का झाला. सगळे याच तीन जातींचे.

विश्वास नसेल तर मैदानावर करून बघा. प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलने हे लायसन्सच्या चाचणीआधी करावं असं माझं ठाम मत आहे. डावीकडे दुसरा ब्रेक असलेली शिकवणीची गाडी घ्या आणि शेजारी शिक्षक बसवा. जागा कोरडी, सपाट, निदान १२० मीटर लांब, आसपास मुलं-गुरं नकोत. टायरची हवा आधी तपासा, नाहीतर सगळे आकडे फसतात. चुन्याच्या तीन आडव्या रेषा मारा, ६०, ७० आणि ८० मीटरवर. बाजूला सुरक्षित अंतरावर एक जण लाल फडकं घेऊन उभा करा. गाडीचं पुढचं चाक तिन्हींपैकी कुठल्याही एका रेषेवर आलं की त्याने फडकं वर करायचं. कुठली रेषा ते चालकाला सांगायचं नाही. वेग ३०, गिअर दुसरा. फडकं दिसलं की पूर्ण ब्रेक. मग त्या रेषेपासून थांबलेल्या गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत टेप लावून मोजा. पाच फेऱ्या गप्प, पाच फेऱ्या ब्लूटूथवर कॉल चालू ठेवून. कॉलवर एवढंच विचारायचं: 'तुझ्या घरून बाजारात कसं यायचं, वळणं सांगत जा.'

हिशेब असा. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. फडकं दिसून पाय ब्रेकवर बसेपर्यंत एक सेकंद धरला तर ८ मीटर तिथेच गेले, नंतर कोरड्या डांबरावर ब्रेकचे साधारण ५. एकूण १३. बोलण्याच्या नादात अर्धा सेकंद उशीर झाला तर आणखी ४. म्हणजे ज्या गाडीने झेब्राच्या अलीकडे थांबायचं ती झेब्रा पार करून थांबते, तेही फक्त ३० च्या वेगाला. ५० ला तोच अर्धा सेकंद ७ मीटरचा होतो, आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर दीडपट ते दुप्पट होतं.

या चाचणीत तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, चालक फडक्याची वाट बघत बसतो, म्हणून मधूनमधून फडकं वर न करताच फेरी पुरी होऊ द्या. दुसरी, दोन फेऱ्यांत ब्रेकवर दाबायचा जोर बदलतो, म्हणून सुरुवातीला चार-पाच फेऱ्या सरावाच्या ठेवा आणि त्या मोजू नका. तिसरी सर्वांत महत्त्वाची. बोलायला लागला की चालकाचा वेग आपोआप २५-२६ वर उतरतो, त्यामुळे अंतर कमी भरतं आणि तो म्हणतो, बघा, काही फरक नाही. शिक्षकाने काट्यावर नजर ठेवून ३० धरायला लावलं पाहिजे. हे वेग उतरणंच सांगतं की डोक्यावर ओझं पडलंय. मैदानात ते चालून जातं. पर्वरीत मागे कदंबची बस चिकटलेली असताना तुमचा वेग कारण नसताना उतरला, तर मागचा ओव्हरटेक करायला बाहेर काढतो.

आणखी एक जोड द्या. मैदानाच्या कडेला दुसऱ्या माणसाच्या हातात ठळक आकडा लिहिलेला पुठ्ठा ठेवा आणि फेरी संपल्यावर विचारा, आकडा कुठला होता. कॉलवाल्या फेरीत तो माणूस होता हेच कित्येकांना सांगता येत नाही.

फोन ठेवल्यावर तरी डोकं लगेच परत येतं का? नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारींमधल्या, आवाजावर चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या. त्यांतल्या सर्वांत किचकट यंत्रणांशी बोलणं संपल्यावर लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागत होते. ताशी ५० ने २७ सेकंद म्हणजे ३७५ मीटर. म्हणून 'मी सिग्नल लाल असताना फोन बघतो, हिरवा झाला की ठेवतो' या म्हणण्यालाही अर्थ नाही. मेरशीचा चौक तुम्ही त्या २७ सेकंदांत ओलांडता.

दुचाकीवाल्यांबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण गोव्याच्या किनारपट्टीवर सर्वांत जास्त दिसणारं चित्र तेच आहे: काळी पाटी, पिवळे आकडे, भाड्याची स्कूटर, डाव्या हातात फोन, फोनवर नकाशा. 'एका हाताने चालवतो' इतकंच यात बिघडत नाही. १२५ सीसीपर्यंतच्या स्कूटरना कॉम्बी ब्रेक असतो आणि तो डाव्या लिव्हरवर. डावा लिव्हर ओढला की मागचं आणि पुढचं दोन्ही चाकं धरली जातात, उजव्याने फक्त पुढचं. डावा हात फोनने अडकला की घाबरून उजवा लिव्हर ओढला जातो, म्हणजे नुसतं पुढचं चाक. कांदोळी-बागाच्या रस्त्यावर समुद्राची वाळू, आत गावात तांबडी माती. त्यावर पुढचं चाक एकट्याने धरलं की ते सरकतं आणि माणूस उजव्या खांद्यावर पडतो. शिवाय त्याच उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर असतो. भाड्याने गाडी देणाऱ्यांनी किल्ली देताना एवढंच सांगितलं तरी पुरे: नकाशा मागे बसलेल्याने बघायचा. एकटा असेल तर थांबून बघायचा. हेल्मेटमध्ये फोन कोंबून बोलणारे आपलेच लोक आहेत. त्यांना सांगून मी थकलो, तरी सांगतो: गालाला दाबलेला फोन सुटू लागला की हात आपोआप वर जातो, मग वळण असो की खड्डा.

आता तुमच्या गाडीबद्दल. खालचं सगळं घरी, गाडी उभी असताना करायचं.

अँड्रॉइड फोन असेल तर ब्लूटूथच्या यादीत तुमच्या गाडीच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये जा. तिथे कॉल आणि मीडिया अशी दोन वेगळी बटणं असतात. कॉल बंद करा, मीडिया चालू ठेवा. नकाशाचा आवाज आणि गाणी स्पीकरवर येतील, कॉल येणार नाहीत. हे फार थोड्यांना माहीत असतं आणि यानेच निम्मं काम होतं. मग 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये गाडी चालवतानाचा नियम असेल तर तो लावा. आयफोनवर 'फोकस'मध्ये 'ड्रायव्हिंग' आहे, त्यात आपोआप जाणारा निरोप मराठीत लिहून ठेवता येतो: 'गाडी चालवतोय, थांबल्यावर फोन करतो.' पण गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला आयफोन त्या मोडमध्येही कॉल आत सोडू शकतो, तेव्हा एकदा दुसऱ्याकडून फोन करवून खात्री करा.

नकाशा निघण्याआधी लावा आणि पूर्ण मार्ग एकदा बघून घ्या. चोर्ला किंवा अनमोड घाटाकडे जाणार असाल तर घरच्या वायफायवर गोव्याचा आणि पलीकडचा नकाशा उतरवून ठेवा. घाटात रेंज गेली की माणूस फोन उचलून हलवायला लागतो, वळण नेमकं तेव्हाच येतं. 'मार्गाचे पर्याय' यात फेरीबोट टाळण्याची खूण आहे, चोडण-दिवाडीला जायचं नसेल तर ती लावा, नाहीतर ऐन वेळी गाडी धक्क्याकडे नेली जाते आणि तुम्ही चालत्या गाडीत मार्ग बदलायला बोट लावता. स्टँड डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, फोनची वरची कड काचेच्या खालच्या कडेच्या फार वर जाणार नाही इतका खाली बसवा. काचेच्या मध्यावर टांगलेला फोन डावीकडून येणारा अख्खा दुचाकीस्वार झाकतो. चोषणीचा स्टँड मे महिन्याच्या उन्हात सुटतो आणि पडलेला फोन पायांत, कधी पेडलखाली जातो. एसीच्या जाळीवरचा क्लिपचा स्टँड आपल्या हवेत जास्त टिकतो. दुचाकीच्या हँडलवर महागडा फोन लावू नका. मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडवू शकते, अ‍ॅपलने स्वतः तशी सूचना दिली आहे. आणि पावसात ओल्या काचेवर बोट लागत नाही, म्हणून लोक चालत्या गाडीवर ती पुसत राहतात.

कुणी म्हणेल, मोबाईलमुळे झालेले अपघात सरकारी आकड्यांत इतके थोडे कसे? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली सुमारे ७० टक्के 'अतिवेग' या एका रकान्यात गेली. पंचनामा करणारा टायरच्या खुणा बघतो, गाडी कुठे पडली ते बघतो. त्या क्षणी कॉल चालू होता का, हे कॉलची नोंद मागवल्याशिवाय कळत नाही, आणि ती नोंद प्रत्येक अपघातात मागवली जात नाही. माझ्या मते मोबाईल त्या अतिवेगाच्या रकान्यात लपलेला आहे.

तर पूर्ण बंदी घालावी का? घालावी, ब्लूटूथसकट. पण चालकाच्या कानावर पोलीस बसवता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी म्हणतो, फोन करणाऱ्याला धरा. टॅक्सीचा, रेंट-अ-कॅबचा, हॉटेलच्या गाड्यांचा धंदा करणारे कित्येक पात्रांव, म्हणजे मालक, चालकाला बजावतात की फोन तीन रिंगच्या आत उचल, नाहीतर पुढचं भाडं दुसऱ्याला. आणि चालकाला चलन झालं की म्हणतात, मी कुठे सांगितलं चालत्या गाडीत उचल म्हणून? हा वाद मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं घालतोय. त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ वाचावं. १८४ खालच्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा साहाय्य देतो, त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. गाडी चालू आहे हे माहीत असून मालक फोन उचलायला भाग पाडत असेल, तर ते कलम त्याच्यापर्यंत पोचायला हवं. चालकाच्या आधी मालकाला नोटीस गेली तर हे फोन आठवड्यात कमी होतील.

काही अपवाद मान्य आहेत. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांना मार्गात निरोप लागतोच, पण तिथे ऐकायला शेजारी दुसरा माणूस बसलेला असावा. अपघात बघितलात तर ११२ किंवा १०८ ला फोन करा, आधी गाडी बाजूला घेऊन. बाजूला म्हणजे झुआरीच्या किंवा मांडवीच्या पुलावर नव्हे. तिथे थांबलेली गाडी हाच नवा धोका असतो. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून मार्गिका कुठे वळवतील याचा नेम नाही, तिथेही कडेला थांबू नका. पेट्रोल पंप गाठा. म्हापसा-पणजी जेमतेम १३ किलोमीटर आहे. ऑफिसला एकदा सांगून टाका की या वेळेत मी गाडीत असतो.

मालकांसाठी उपाय अवघड नाही. निघण्याआधी चालकाच्या हातात कागद द्या: पॅसेंजरचं नाव, उभं राहण्याची जागा, माणसं आणि बॅगा, ठरलेलं भाडं, परतीची वेळ. मोपा विमानतळावरून घ्यायचं असेल तर विमानाचा क्रमांकही. बदल झाला तर फक्त लेखी निरोप, तो चालक गाडी थांबल्यावर वाचेल. निम्मे फोन 'कुठे पोचलास' यासाठीच असतात, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आहे. निघताना १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास यांतलं एक निवडायचं. ८ तास निवडले की जवळजवळ पूर्ण पाळी निघते आणि मालकाला गाडी पडद्यावर हलताना दिसते.